नऊ वेळा समजावलेला माणूस

आमच्या गावात, तिवसा तालुक्यात, कोणालाही विचारा की गजाननची, म्हणजे माझी, फौजेतली नोकरी कशानं गेली. उत्तर ठरलेलं आहे. बायकोनं त्याच्या साहेबाला चिठ्ठी लिहिली म्हणून. दारूमुळे गेली असं कोणी म्हणत नाही. फौजी माणूस पितोच, त्यात नवल काय! पण बायकोनं नवऱ्याची तक्रार केली, हे मात्र गाव विसरत नाही. माझी माय विसरत नव्हती, भाऊ विसरत नव्हता. माझी बायको संगीता दोन वर्षं हे खाली मान घालून ऐकत होती. आणि हे खरं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दारू सुटून मला आता दोन वर्षांच्या वर झालं. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांच्या उपयोगी पडावं, म्हणून लिहितो आहे. डॉक्टरी भाषा मला येत नाही. मी फौजेत ड्रायव्हर होतो, हवालदार. जे झालं ते सांगतो, आणि त्यात माझी बाजू झाकून ठेवणार नाही.

आपला माणूस

भरती झालो तेव्हा मी थेंबही घेत नव्हतो. पहिलं पोस्टिंग बर्फात. तिथं रेशनसोबत रमचा वाटा मिळतो. माझा वाटा मी दुसऱ्यांना देऊन टाकायचो, त्यामुळे सुरुवातीला माझा भाव फार वधारलेला होता. एक दिवस जेवणाच्या रांगेत मागून आवाज आला, "काहून बे, अमरावतीकडचा का तू?"

वळून पाहिलं तर वानखडे हवालदार. अकोल्याकडच्या बार्शीटाकळीजवळचे. चारी बाजूंनी हिंदी, डोगरी, तमिळ, आणि त्यात एकदम आपली बोली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. त्या दिवसापासून वानखडे माझे फौजेतले थोरले भाऊ झाले.

पहिला पेग मला त्यांनीच दिला. वाईट हेतूनं नाही. माझे वडील गेल्याचा निरोप आला होता आणि रस्ता बर्फानं बंद होता, मला निघता येत नव्हतं. "घे बाबू, झोप तरी लागंन," ते म्हणाले. झोप लागली. दुसऱ्या दिवशीही लागली.

पुढची बारा वर्षं थोडक्यात सांगतो, कारण बेवड्यांच्या गोष्टी बहुतेक सारख्याच असतात. आमच्याकडे बडाखाना असतो, साहेब आणि जवान एकत्र जेवतात तो दिवस. त्या दिवशी मोठे साहेब स्वतःच्या हातानं तुमचा ग्लास भरतात. नको म्हणणाऱ्याची महिनाभर फिरकी घेतली जाते. पिण्याला कोणी नावं ठेवत नाही, पिऊन पडण्याला ठेवतात. मी पडत नव्हतो, त्यामुळे मी चांगला जवान होतो. सकाळी मात्र दोन घोट पोटात गेल्याशिवाय गाडीची चावी भोकात जात नव्हती, इतके हात कापायचे. कधी उठताच आलं नाही, तर सकाळच्या गिनतीला वानखडे सांगायचे की गजानन बाहेर कामावर गेलाय. एव्हाना ते सुभेदार झाले होते. त्यांच्या शब्दावर कोणी तपासायला येत नसे. त्यांच्या या सांभाळून घेण्याला मी माया समजत होतो.

रजेचा तिसरा दिवस

बाराव्या वर्षी रजेवर गावी आलो, तेव्हा मायनं माझ्या बाटल्या जळणाच्या तुराट्यांच्या ढिगात लपवल्या. तिला वाटलं, नजरेआड झाली की सुटेल. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खाता खाता खाटेवरून खाली पडलो. दातखीळ बसली, हातपाय आखडले. मला यातलं काही आठवत नाही. आठवतं ते अमरावतीच्या दवाखान्यातलं छत आणि एका वयस्क डॉक्टरांचा चेहरा.

ते म्हणाले, "दारू अचानक बंद झाली म्हणून झटका आला. ही सवय राहिलेली नाही, हा आजार आहे. यात माणूस जातो."

मी हसलो. फौजीला कसला आजार! हसता हसता पाहिलं तर संगीता हसत नव्हती. ती शाळेत शिक्षिका आहे. तिनं डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारून घेतलं आणि वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, हिची मास्तरकी इथंही सुरूच आहे. भीती वाटत होती मला. पण भीती वाटते असं म्हणायचं कसं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

रजा संपवून युनिटात परतलो. चौथ्या दिवशी कमांडिंग ऑफिसरनं बोलावलं. साहेब नवीन होते, जेमतेम दोन महिने झाले होते त्यांना येऊन. टेबलावर दोन पानी पत्र होतं. अक्षर मी दारातूनच ओळखलं. "मेरे पति बीमार हैं, इन्हें सज़ा नहीं, इलाज चाहिए." माझी बायको. मला न विचारता, न सांगता.

पाठीत सुरा खुपसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, असं मला वाटलं. बाहेर येऊन फोनवर मी तिला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. ती फक्त म्हणाली, "बोलून घ्या. पण जा दवाखान्यात."

दोन पेनं

फौजेत दारूच्या रोग्याला हॉस्पिटलात पाठवताना युनिट एक फॉर्म भरून देतं. हा माणूस कसा वागतो, कधीपासून पितो, आणि युनिटनं त्यासाठी आजवर काय केलं. शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, काही नाही. बारा वर्षांत मला एकदाही कोणी समोर बसवून म्हटलं नव्हतं की गजानन, हे जास्त होतंय.

दुपारी वानखडे साहेब बराकीत आले. काखेत रजिस्टर होतं. समुपदेशनाचं रजिस्टर. त्यात माझ्या नावानं नऊ नोंदी होत्या, मागच्या दोन वर्षांतल्या वेगवेगळ्या तारखांच्या. "जवानास दारूच्या दुष्परिणामांबद्दल समजावण्यात आले." नऊ वेळा तेच वाक्य, हिंदीत.

"कर सही," ते म्हणाले. "तुह्याच फायद्याचं हाय. युनिटनं याले सांभाळलं असं दिसलं, की हॉस्पिटलवाले तुले ठीक करून वापस पाठोतात."

मी सह्या करू लागलो. चौथ्या सहीला त्यांनी हात धरला. "थांब. हे घे दुसरं पेन. सगळ्या एकाच शाईत दिसल्या नाई पाह्यजे."

नऊतली एक तारीख मला ओळखू आली. त्या दिवशी त्यांच्या सुभेदारीची पार्टी होती आणि माझा ग्लास त्यांनीच भरला होता. तरी मी सही केली. फौजेत काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. कोणी आपल्या बोलीत, खांद्यावर हात टाकून, मागच्या तारखेवर सही मागत असेल, तर तो खांदा आधी काढून घ्या. मला हे सांगणारं कोणी नव्हतं. होतं ते माझ्या घरी होतं आणि तिच्याशी मी बोलत नव्हतो.

वॉर्ड

मानसिक रोगांचा वॉर्ड म्हटलं की जवानाला घाम फुटतो. बेल्ट काढून घेतात, बुटांच्या नाड्या काढून घेतात, निळा पायजमा-शर्ट देतात. हवालदाराची पट्टी बाहेरच राहते. पहिले पाच दिवस फार वाईट गेले. भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायच्या, त्या नव्हत्याच. घाम, उलट्या, आणि सतत वाटायचं की वडील पायाशी बसलेत.

पण वॉर्ड वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. तिथं एक नर्सिंग असिस्टंट होते, बिहारचे. माझे हात कापतात म्हणून ते मला कप कधीच पूर्ण भरून देत नसत. अर्धा चहा द्यायचे, तो संपला की न बोलता उरलेला अर्धा. बाकीच्यांना कळू न देता. आजारपणात इतकं पुरतं माणसाला.

दुपारी आम्ही पाकिटं बनवायचो, सकाळी गोल करून बसायचो आणि एकेकानं उभं राहून बोलायचं. पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मी फक्त नाव आणि नंबर सांगितला. तिसऱ्या आठवड्यात वडिलांचं बोललो. मोठ्यानं रडलो, आणि कोणी हसलं नाही. डॉक्टर मेजर मॅडम होत्या, माझ्याहून वयानं लहान. जाताना त्या म्हणाल्या, आता सहा महिने देखरेखीखाली राहायचं. हत्यार नाही, गाडी नाही, उंचीवरची ड्यूटी नाही, दारू अजिबात नाही. सहा महिने नीट गेले तर वर्दी राहील. पुन्हा घसरलात तर बोर्ड बसेल, नोकरीवर ठेवायचं की घरी पाठवायचं ते डॉक्टरांचं मंडळ ठरवील.

सावलीतली ड्यूटी

आता युनिटचा शहाणपणा ऐका. हत्यार नको, गाडी नको, उंची नको, मग याला बसवायचा कुठं? वानखडे साहेबांनी शोधून काढलं. "तुले एकदम सावलीत बसोतो गजा. ऊन नाई, धूळ नाई."

मला युनिटच्या कॅन्टीनमध्ये टाकलं. साबण, बिस्किटं आणि मागच्या खोलीत दारूच्या पेट्या. महिन्याभरात त्या खोलीची चावी माझ्याकडे आली, कारण ज्याच्याकडे होती तो रजेवर गेला. कागदावर हत्यार लिहिलं होतं, उंची लिहिली होती. पेट्यांच्या खोलीत बसवू नका असं कोणी लिहिलं नव्हतं, आणि न लिहिलेलं कळावं असं डोकं कोणी चालवलं नाही.

मी वानखडे साहेबांकडे गेलो. म्हटलं, इथून हलवा मला, वास सहन होत नाही. ते हसले. "अरे, हातात चावी असून नाई पेलं, तर मानतीन ना तुले!"

मी चार महिने मोजून काढले. हे मी अभिमानानं सांगतो. पाचव्या महिन्यात एक पेटी उतरवताना बाटली फुटली, पायावर सांडली. पँट ओली झाली. मी दार लावून घेतलं. तीन दिवसांनी मला त्याच खोलीतून उचलून नेलं.

बोर्ड

त्याच वॉर्डात, त्याच निळ्या कपड्यांत, त्याच मेजर मॅडमसमोर मी पुन्हा बसलो. बोर्डासमोर जाण्याआधी त्या माझी फाइल वाचत होत्या. वाचता वाचता थांबल्या.

"इथं लिहिलंय नऊ वेळा काउन्सेलिंग झालं," त्या हिंदीत म्हणाल्या. "तुम्ही मागच्या खेपेला वॉर्डात होतात तेव्हा म्हणाला होतात की तुमच्याशी कधीच कोणी बोललं नाही. मग हे काय?"



त्यांनी पेन खाली ठेवलं. "हवालदार, नीट ऐका. हे खरं नसेल तर मी फाइल परत पाठवीन. चौकशी होईल, तुम्हाला आणखी वेळ मिळेल, दुसरी जागा मिळेल. खरं असेल तर माझा नाइलाज आहे. झालं होतं का काउन्सेलिंग?"

त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मला वानखडे साहेब दिसत होते. रांगेतला तो आवाज, वडील गेले त्या दिवशी पाठीवर ठेवलेला हात. मी नाही म्हटलं असतं तर त्यांची चौकशी लागली असती. आपल्या गावाकडचा माणूस. त्याला मी अडकवायचं?

मी म्हणालो, "जी मॅडम. हुआ था."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. वारंवार समजावूनही व्यसन सोडले नाही. आजार सेवेमुळे नाही, स्वतःच्या सवयीमुळे. बोर्डानं तेच उचललं आणि माझी वर्दी उतरली.

घर

मी गावी आलो तेव्हा मायनं मला जवळ घेतलं आणि संगीताकडे पाहून म्हणाली, "झालं समाधान? लिवलीस नं चिठ्ठी?"

मी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर बोलायची गरजच वाटली नाही, इतकं ते सोयीचं होतं. चुलतभाऊ, मामा, शेजारी, सगळे हेच म्हणायचे आणि मी मान खाली घालून बसायचो. त्यांना वाटायचं, बिचारा बायकोला सांभाळून घेतोय. आम्ही अमरावतीला राहायला गेलो. मी टायरच्या दुकानात लागलो, संगीता शाळेत जायची. सणावारी गावी गेलो की तेच सुरू व्हायचं. संगीताला मी एवढंच सांगितलं होतं की साहेबांनी रजिस्टर खोटं लिहिलं आणि बोर्डानं ते खरं मानलं. मला विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं, हे सांगितलं नव्हतं.

पीत मात्र नव्हतो. या सगळ्यात तेवढं एकच मी नीट केलं.

बार्शीटाकळी

माजी सैनिकांची कागदपत्रं पाहणाऱ्या अकोल्याच्या एका वकिलांना संगीता स्वतः भेटून आली. ते म्हणाले, त्या नोंदी खोट्या होत्या असं युनिटमधल्या कोणी लिहून दिलं, तर निदान तो "स्वतःच्या सवयीमुळे" शेरा पुसायला अर्ज करता येईल. संगीता म्हणाली, "वानखडे साहेब आता घरीच आहेत. जा तुम्ही. तुमचे भाऊच ना ते."

गेलो. साहेब निवृत्त झाले होते, जाता जाता मानद लेफ्टनंट होऊन. दारावर तशी पाटी होती. त्यांनी मिठी मारली, वहिनींनी चहा केला, कापसाच्या भावाच्या गोष्टी झाल्या. मग मी विषय काढला.

त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही. "गजा, ते सारं तुह्याचसाठी केलं होतं मी. मले वाटलं तू वाचशीन."

"साहेब, मग तेच लिहून द्या. समजावलं नव्हतं, एवढंच."

"आन् मंग मह्या या पाटीचं काय?" ते म्हणाले. शांतपणे, बशीत चहा ओतत. "आन् एक सांग. डॉक्टरीणबाईनं तुलेच ईचारलं होतं नं? तिनं मंग युनिटात फोन करून सांगतलं होतं, मले कळलं सारं. तिनं तुले मोका देला होता. तू काय म्हटलं? हो म्हटलं. मी तं फक्त लिवलं. मंग खोटं कोन बोललं?"

त्यांना माहीत होतं. मी त्यांच्यासाठी वर्दी दिली, हे त्यांना माहीत होतं. साधा विचारपुशीचा एक फोन त्यांनी दोन वर्षांत केला नव्हता. मी चहा तसाच ठेवून उठलो.

अकोल्याच्या स्टँडसमोर रांगेनं बार आहेत. भरदुपारी मी त्यातल्या एकाच्या पायरीवर उभा होतो. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. दोन वर्षांत इतकी तहान कधी लागली नव्हती. वॉर्डात शिकवलेलं एकच आठवलं की अशा वेळी कोणाला तरी फोन लावायचा, काय बोलायचं ते नंतर पाहायचं. मी संगीताला फोन लावला.

"काय म्हणाले साहेब?"

"मी अकोल्यात एका बारच्या दारात उभा आहे," मी म्हणालो.

ती रागावली नाही. म्हणाली, "बाजूला रसवंती असेल बघा. तिथं जाऊन बसा. फोन ठेवू नका." मी तीन ग्लास रस प्यालो. ती शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून माझ्याशी बोलत होती, अमरावतीची बस सुटेपर्यंत. शाळेतलं, भाजीचं, काहीही. आणि मला कळत होतं की ज्या बाईला मी दोन वर्षं बोल लावू दिले, ती मला धरून ठेवतेय.

सांगणं

घरी पोचलो आणि बूट न काढता सगळं सांगितलं. मॅडमनं विचारलेलं, पेन खाली ठेवलेलं, मी म्हटलेलं "हुआ था".

संगीता घरात प्रमाण मराठी बोलते, शाळेची सवय. त्या दिवशी नाही बोलली.

"म्हंजे नोकरी वाचोता येत होती तुमाले," ती म्हणाली. "आन् दोन वर्सं तुमची माय मले तोंडावर बोलत होती, तवा तुमी काय करत होते? जेवत होते तुमी. मले आठोते. मी वाढत होती आन् तुमी जेवत होते."

वानखडेंनी माझ्याशी जे केलं, तेच मी तिच्याशी केलं होतं. स्वतःची पाटी शाबूत ठेवली. पुढचे पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी पिईन की काय अशी भीती मलाच वाटत होती, पण ती भीती तिला सांगायचा हक्क आपण गमावलाय असंही वाटत होतं.

रविवारी मी एकटा गावी गेलो. भाऊ होता, मामा होते, माय तूर पाखडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. चिठ्ठीनं मी दवाखान्यात गेलो, म्हणून जिवंत आहे. नोकरी माझ्या खोट्यानं गेली.

भाऊ म्हणाला, "आता काहून उकरून काढून राह्यला?" मामा उठून अंगणात गेले. मायचं सूप थांबलं.

"मले काहून नाई सांगतलं रे गजू," ती म्हणाली. "मी त्या पोरीले काय काय बोलली."

तिनं सूप बाजूला ठेवलं, लुगडं बदललं आणि म्हणाली, "चाल." सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, पण बसमध्ये माझा हात तिनं धरू दिला नाही.

संगीतानं दार उघडलं. मायला पाहून तिनं हातातला तपासायच्या पेपरांचा गठ्ठा खालीच ठेवला. मग संगीतानं मायचा दंड धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. मी मागोमाग पाऊल टाकलं.

"तुमी नाई," संगीता म्हणाली. "तुमी थांबा बाहेर."

आणि तिनं दार लावून घेतलं. आतून मायचं रडणं ऐकू येत होतं. मी जिन्यात उभा राहिलो.